दोन द्रोण शिरा

रविवार, पौर्णिमा. संध्याकाळ.

ह्यांचं काहीतरी लपवणं चाललंय. दिवाळीपासून पोळी बंद. "अगं, गव्हातलं ग्लूटेन बाधतं मला, पोट फुगतं." हे निदान कुणाचं, तर सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या मित्रांचं! डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर नको. पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मात्र लगेच आणल्या. रोज बाटली ताटाशेजारी ठेवतात आणि मुकाट्याने भात जेवतात.

आज शेजारी सत्यनारायण होता. तिथे ह्यांनी शिऱ्याचे दोन द्रोण संपवले. मी बघतच राहिले. रवा काय ज्वारीचा असतो?

घरी आल्यावर विचारलं, "अहो, पोट कसंय?"

"प्रसाद बाधत नाही," म्हणाले आणि पेपरात तोंड खुपसलं.

संशय आला म्हणून बाटली उघडायला घेतली. झाकणाचं सील जसंच्या तसं! एकही कॅप्सूल घेतलेली नाही. मग हे नाटक कशासाठी? माझ्या पोळ्या नकोशा झाल्या? गणपतीत मी पडले, मनगट मोडलं, तेव्हापासून जाड होतात, कबूल. प्लास्टर निघालं तरी कणीक मळताना कळ येते, पण मी बोलले नाही कुणाला. पोळ्यांना बाई लावू असं हे म्हणाले, तर मीच फाडकन म्हटलं होतं, "मी अजून धडधाकट आहे."

त्यानंतरच हे ग्लूटेन निघालं.

सील पुन्हा पाहिलं. बाटली होती तिथे ठेवली.

उभा जन्म एकत्र काढला, आणि "तुझा हात दुखतो" एवढं म्हणायचं सोडून ह्या माणसाने स्वतःचं पोट बिघडवून घेतलं.