शिंगणापूरची भाची आणि लॅचची किल्ली

रविवार, संध्याकाळ

भाची वैशू पुढच्या आठवड्यात शिकायला व्हिएन्नाला चाललीय. वाढली शनिशिंगणापुरात, ताईच्या घराला चौकट आहे, दार नाही. व्हिएन्नातल्या खोलीचं दार मात्र ओढलं की आपोआप बंद होतं म्हणे. माझ्या नगरच्या फ्लॅटलाही तसंच लॅच आहे, म्हणून आज इथं सराव घेतला. दोनदा दूध, एकदा कोथिंबीर आणायला पाठवली. तिन्ही वेळा किल्ली आतच.

"मामा, तुमी हाय की उघडायला."

हेच टोचतंय. मी उघडतो म्हणूनच विसरते का? तिथं थंडीत मामा कुठला? मी एवढी सुभाषितं पाठ केली, किल्लीवर एकही नाही.

ठरलं. उद्या माझी किल्ली आत ठेवून मीही तिच्यामागोमाग बाहेर पडणार. ती तिची विसरली, तर दोघं जिन्यात बसू.