चौथी जात

२ ऑगस्ट
पोहोचले एकदाची! मानाउसहून बोटीनं दोन दिवस, अंग नुसतं ठणकतंय, पण जंगलातलं हे संशोधन केंद्र झकास आहे. प्रमुख ओदेतेबाईंनी आल्या आल्या तळलेला मासा आणि कसावाच्या कंदाचा भरडा पुढे ठेवला. मग कपाट उघडून वाळवलेल्या फांद्या चिकटवलेले तीन कागद दाखवले. झाडांच्या तीन जाती, पण पानं, फुलं, फळं एकसारखी; म्हणून तिघींची मिळून एक नवी प्रजाती, म्हणजे जातींचा एक गट, करायची. चौथी सापडली की लेख छापायला जाणार. प्रत्येकीला इथल्या एकेका जुन्या संशोधकाचं नाव, बाईंची तशी रीतच आहे. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या झाडांना चिठ्ठ्या चिकटवल्या. आता या इरासेमाचीही पाळी येईल की.

५ ऑगस्ट
चौथं झाड सापडलं! आमचे वाटाडे जुवेनालकाका सालीवर कोयत्यानं चीर देऊन हुंगतात, की झाली ओळख. या जाती वेगळ्या ठरतात त्या वासावरूनच. पहिलीला तंबाखूचा, दुसरीला कापराचा, तिसरीला चक्क करपलेल्या दुधाचा. या झाडाला मात्र वासच नाही. नाक म्हातारं झालं तुमचं, असं मी काकांना चिडवलं. हसले नाहीत.

६ ऑगस्ट
बाईंनी चौथीला माझं नाव दिलं! कागदावर लिहूनही टाकलं. लेख पुढच्या शुक्रवारच्या बोटीनं जाईल. आनंदाच्या भरात चार संत्री खाल्ली. माझ्या बोटांना कायम संत्र्याच्या सालीचा वास येतो, म्हणून सगळे हसतात.

९ ऑगस्ट
काका सकाळी झाडाकडे जाऊन आले. चीर दिली तर संत्र्याच्या सालीचा वास आला म्हणे. मी माझी बोटं हुंगली. काहीच नाही. मुद्दाम संत्रं सोललं, तरी नाही. नडगीवर कसलीशी चीर पडलीय, कुठे लागलं कोण जाणे.

१० ऑगस्ट
काकांना खोदून खोदून विचारलं. त्या तीन जातींना ज्यांची नावं दिली, त्यांतला आन्सेल्मो तंबाखू ओढायचा. झिल्डा गुडघ्याला कापूर चोळायची. वाल्देमार रोज दूध करपवायचा. नाव दिल्यावर पंधरवड्यात तिघंही नाहीसे झाले. काका एवढंच म्हणाले, "पोरी, ही प्रजाती झाडांची नाही गं. तुमची आहे."

११ ऑगस्ट
नाव खोडायला बाईंचा साफ नकार. चौथीशिवाय प्रजाती अपुरी राहते म्हणे. बोलता बोलता मला माझं नाव विचारलं — दोनदा. केंद्राचा कुत्रा माझ्यावर भुंकतो. पाय जड झालेत. भीती वाटते, फार भीती वाटते.

१२ ऑगस्ट
बोट उद्या. काकांच्या हातापाया पडले, ते झाड तोडून टाका म्हणून. नको नको म्हणत शेवटी कुऱ्हाड घेऊन गेले. मी ओट्यावर — पाऊल उचलतच नाही —

पहिला घाव ऐकू आला. नडगी फाटली. रक्त नाही. पांढरा चीक —

त्या दिवशीची चीरही काकांच्याच कोयत्याची. कसं कळलं नाही मला —

ओरडतेय. आवाज नाही, नुसती सळसळ.

दुसरा घाव. काका, थांबा, ते झाड नाही, ती मी