भाषा न घेतलेला माणूस

३ फेब्रु., सोम.
वही संक्रांतीच्या आधी घेतली, आज पहिलं पान. मधल्या काळात तिच्यावर चहाचा पेला ठेवायचो, गोल डाग पडलाय. उद्या लिहू, उद्या लिहू.

वैजूआक्का म्हणाली म्हणून बसलोय. काल तिच्या खेळात माझा माणूस मेला. परत. गोष्ट आक्का चालवते, आम्ही एकेक माणूस बनवून तीत सोडतो, पुढचं फाशावर. माझे आजवरचे सगळे तलवारवाले. सगळे मेले. वडगावात तिच्या मागाच्या खोलीत खेळतो, त्यामुळं सोंगट्या म्हणजे सूत गुंडाळलेल्या कांड्या, प्रत्येकाच्या सुताचा रंग वेगळा. माझं लाल सूत उलगडून तिनं माझ्या हातात दिलं.

"ह्याच्या पुढचा मेला की तुझी जागा दुसऱ्याला. लोकं थांबल्यात. आधी तू कसा खेळतोस ते लिहून काढ, मग तुला शोभंल असा माणूस कर."

निपाणीची वखार सोडली, खानापुरात लाकडाची गिरणी सोडली. या एकाच ठिकाणी दर रविवारी परत गेलोय. तीच जागा गेली तर...

५ फेब्रु., बुध.
कसा खेळतो मी?
लढाई चालू असताना विचारतो, त्या भिंतीमागं काय हाय. राक्षस अंगावर आलेला आणि मी स्वयंपाकघरातल्या बाईला विचारत होतो, तुमचा पोरगा कुठं असतो. तेवढ्यात बसूचा माणूस गुहेत एकटा पडला, त्याचा हात गेला. बसू म्हणजे माझा खोलीवाला, खासबागेत एकाच खोलीत राहतो आम्ही. तो मागावर कामाला. अजून टोचतो, "तू सारखा निघून जातोस रं. हितं पण, तिथं पण."

म्हणजे तलवार नकोच. पाय, कान आणि तोंड पायजे.

आप्पांचा फोन आला. उचलला न्हाई. घरी सदलग्यात ते समजतात, पोरगा अजून निपाणीत तंबाखूच्या वखारीतच आहे. परत वाजला. तसा बाहेर पडलो, चिरमुरे घेतले, एका वरातीमागनं शहापूरपर्यंत गेलो. लिहायचं राहिलं

७ फेब्रु., शुक्र.
झाला! कागदावर नाव लिहिलं, फिरस्ता. ताकद तळाला. चाल, ऐकणं, बोलणं, सगळे पॉइंट तिथं ओतले, एक शिल्लक न्हाई. आक्कानं निळं सूत दिलं. कागद वरून खाली बघितला, म्हणाली, "नक्की?"
म्हटलं, "लई नक्की."

पहिल्यांदाच वाटलं, हा मीच. म्हणून जास्त भ्या वाटतंय. तलवारवाले मेले तर मेले. हा मेला तर?
आणि ती 'नक्की' का म्हणाली?

९ फेब्रु., रवि.
वाट लागली.
खेळात घाट चढून फाटकापाशी पोचलो. पहारेकरी आडवा. आक्का त्याच्या आवाजात कायतरी गुरगुरली. मी पुढं झालो, माझंच काम ते. मराठीत सुरू केलं. आक्कानं मान हलवली. मग कन्नडात. मग हिंदीत. टेबल हसायला लागलं.
"ह्यो डोंगरी बोलतो. कागदावर भाषा कुठली घेतलीस?"
"भाषा बी घ्यावी लागती?"
बसू तर खोकेपर्यंत हसला. मला खरंच सुचलं नव्हतं. आमच्यात भाषा कोण घेतंय? बाजारात गेलं की कन्नड, कचेरीत कन्नड, टेम्पोवाल्याशी हिंदी. हवेसारखं असतंय ते. सगळ्यात जास्त बोलणारा माणूस बनवला आणि त्याला कुणाशीच बोलता येईना.
पहारेकऱ्यानं भाला उचलला. तिथंच आक्का थांबली. पुढच्या रविवारी तिथनंच.

११ फेब्रु., मंगळ.
आक्काला फोन केला. बोलण्यातले पॉइंट काढून भाषा घेऊ का?
"भरलेला कागद खोडायचा न्हाय. ज्याला डोंगरी येती त्याच्या जिभेवर चाल, तुझं बोलणं तो तिकडं सांगंल. पण मग तुझ्या कागदावर एक उणेपणा लिहावा लागतोय, तो म्हणंल तो."

डोंगरी फक्त बसूच्या माणसाला येते. त्यानं भाषा सगळ्यात आधी घेतलेली. का म्हणून विचारलं.
"मी गदगाहून आलतो तवा मराठीचा म सुद्धा येत नव्हता. मुकादम काय सांगायचा, मी काय करायचो. भाषा फुकट मिळत न्हाय, मला म्हाईत हाय. तुला कसं म्हाईत असंल?"
उणेपणाचं विचारायचं राहिलं. आप्पांचा फोन. कट केला.

१४ फेब्रु., शुक्र.
बसू हो म्हणाला. अट सांगितली. कागदावर लिहिलं:
उणेपणा – सोबत सोडून जाता येत नाही.
माझं खेळणं म्हणजेच निघून जाणं, मग राहिलं काय? आक्का म्हणाली होती, तुला शोभंल असा माणूस कर. हा शोभतोय का अडकवतोय?

दोघं आक्काकडं कांड्या जोडायला गेलो. बसूनं त्याच्या पिवळ्या सुताचं टोक माझ्या निळ्याला सांधलं. मागावर तुटलेला धागा जोडतात तसं, चिमटीत फिरवलं, झालं. गाठ दिसत पण न्हाई. ओढून बघितलं. माझी कांडी सरकली की त्याची येते.
"आता जा बघू," म्हणाला.

१६ फेब्रु., रवि.
आक्का फासे हुडकतीय. मी मागच्या दाराशी, नेहमीची जागा. दोन्ही कांड्या फाटकासमोर उभ्या. पहारेकऱ्याला काय सांगायचं ते पाठ केलंय, बसूनं जसंच्या तसं सांगितलं तर वाचू.

कालपासनं आप्पांचा फोन न्हाई. रोज येतो. बरं वाटायला पायजे होतं. वाटेना.

बसू पाणी आणायला गेलता, रिकामी घागर घेऊन आला. वाकून म्हणाला, "भाईर एक म्हातारं चप्पल काढतंय. निपाणीत वखारीत विचारून, मग खोलीवर जाऊन आलोय म्हणतंय. तुझं नाव घेतलं."

माझ्यामागं दार उघडं आहे. पलीकडं बोळ, बोळातनं रस्ता.
बसू हलेना. दोन कांड्यांमधल्या सुतावर बोट ठेवून माझ्याकडं बघतोय.
आप्पांचा खोकला. उंबऱ्यापाशी आला