दोन्ही दारं

प्रिय क्लेमंट,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. तुझा गुडघा कसा आहे? माझी कंबर कशी आहे हे तू तुझ्या पत्रात विचारलं नाहीस, तरी सांगतो: वाईट आहे. बाकी इकडे क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पाऊस चालू आहे, कोळसा दमट आहे, शेगडी नुसती धुमसते आणि बोटीचं छप्पर बरोबर माझ्या उशीवर गळतं (तुझ्या उशीवर गळत नाही, मी झोपून पाहिलं).

हो, हे पत्र मी आपल्या बोटीवरून, ‘मूरहेन’वरूनच लिहितोय. विनी गेल्यावर, तिच्या दफनानंतरच्या चहाला, तोंडात हॅम सँडविचचा तोबरा असताना तू म्हणालास की आता बोट विकून मोकळे होऊ. माझी बायको तुझीही बहीण होती, तेव्हा त्या दिवशी तुला काही सुनवावंसं मला वाटलं नाही. नंतर आपण बोललोच नाही. मग तुझं पत्र आलं की गिऱ्हाईक मिळालंय, बोट ऑटरफोर्डला कालव्याच्या लॉकांखालच्या धक्क्यावर आणून ठेव, गुडघ्यामुळे मला जमणार नाही. मी म्हटलं, बरं. खरं सांगायचं तर मीही कंटाळलो होतो. त्या बोटीने आपल्याला दिलं काय? दर उन्हाळ्यात दोन आठवडे सर्दी. तुझ्या मालकीची अर्धी आणि माझ्या मालकीची अर्धी, पण संडासाची टाकी रिकामी करायची वेळ आली की ती अख्खी माझी व्हायची. बुटक्या पुलाखाली धुराडं उडून पाण्यात गेलं तेव्हा ‘वाक!’ असं तू ओरडलास, मी वाकलो, धुराडं कसं वाकणार? आणि तू कालव्यात पडलास तो दिवस आठव. पाणी कमरेइतकंच होतं, पण तू ‘बुडालो, बुडालो’ करत बसलास, आणि विनीने सुकाण्यावरून चहाचा कप खालीही न ठेवता सांगितलं, ‘अरे, उभा राहा की!’ तिची तीच तऱ्हा. बाकीच्या बोटींवर नवरे सुकाण्याला रेलून हुकूम सोडतात आणि बायका लॉकवर घाम गाळतात. आपल्याकडे बाई सुकाण्यावर आणि दोन बाप्ये किनाऱ्यावर हमाल. लोक पुलावर उभे राहून आपल्याला बघायचे, ते काही कौतुकाने नव्हे.

तर निघालो एकटा. सुकाणू या जन्मात पहिल्यांदाच हातात घेतलं. डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते हे मला ठाऊक होतं, हातांना ठाऊक नव्हतं. आधी एका विलोच्या झाडात शिरलो, मग एका मासेमाऱ्याच्या गळात. त्याने मला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, पण शब्द तुझ्या ओळखीचे आहेत. शेवटी पहिल्या लॉकपाशी पोचलो. कालव्याला टेकडी उतरता येत नाही म्हणून कोणा शहाण्याने लॉक काढले: मधे हौद, दोन्ही टोकांना लाकडी दारांची जोडी, बोट आत घ्यायची, मागची दारं लावायची, पाणी सोडलं की बोट खाली. झकास. पण दारं ढकलायला माणसं लागतात, हे तो शहाणा कुणाला सांगून गेला नाही.

मी नेहमीप्रमाणे दोन्ही दारं उघडली. बोट दोरीने ओढत आत घेतली. उजवं दार लावलं (ते माझं). मग सगळ्या हौदाला वळसा घालून पलीकडे गेलो आणि डावं लावायला लागलो, तर उजवं आपलं सावकाश उघडतंय. परत वळसा. उजवं लावलं, तर डावं उघडतंय. त्या दारांना माणसाची लाज नाही. अशा किती चकरा झाल्या कोण जाणे, कंबर बोंबलायला लागली, आणि शेवटी मी तुझ्या दाराला टेकून चक्क रडलो रे. वर पट्ट्यात खोचलेलं लोखंडी हँडल, ज्याने पाण्याच्या झडपा उघडतात, तेही सटकून पाण्यात गेलं.

इतक्यात मागून एक लाल बोट आली. तिच्यावरून गमबूट घातलेली एक बाई उतरली (नवरा अर्थात सुकाण्यावर, ओरडत). म्हणाली, ‘अहो आजोबा, दोन्ही दारं कशाला उघडलीत? एवढीशी अरुंद बोट तुमची, एका दारातून सहज जाते. दुसऱ्याला हातच लावायचा नाही.’

मी म्हटलं, ‘आमच्याकडे दोन्ही उघडतात.’

‘का पण?’

 याचं उत्तर आठवलं ते लाल बोट निघून गेल्यावर. पहिला उन्हाळा, हेच ऑटरफोर्ड. एकाच दारावर आपण दोघे, ‘तू ढकल’, ‘नाही, तू सरक’, आणि प्रकरण हातघाईवर आलं. तेव्हा विनी म्हणाली, ‘दारं दोन आहेत आणि तुम्ही दोघे आहात. एकेक घ्या आणि गप्प बसा.’ तेव्हापासून प्रत्येक लॉकपाशी तिचा भोंगा दोनदा वाजायचा आणि आपण गुमान आपापल्या बाजूला जायचो. क्लेमंट, बोट केवढी रुंद आहे हे सुकाणू धरणारीला माहीत नसणार का? तीस वर्षं आपल्यापैकी एक जण फुकट राबत होता. कोण, ते मी ठरवलंय, पण तुझ्या गुडघ्याकडे बघून लिहीत नाही.

असो. झाली तेवढी शोभा पुरे. बोट विकणंच शहाणपणाचं, यात दुमत नाही. कळावे, लोभ आहे तेवढाच असू दे, वाढवायचं आता आपलं वय नाही.

तुझा भावोजी,
हेडली

ता.क. माझं हँडल कालव्याच्या तळाशी आहे. तुझं तुझ्या गॅरेजात सायकलीमागे टांगलेलं असेल, ते हवंय. पोस्टाने पाठवू नकोस, लोखंड पोस्टात हरवतं. स्वतः घेऊन ये.

ता.क. २ धक्क्यावरच्या दुकानात नवं हँडल मिळतं आणि मी ते घेतलंसुद्धा, असं तुला कुणी सांगितलं तर ते खरं आहे. तरी तुझं घेऊन ये. बेकरीतला जाड कवचाचा पोर्क पाय आणलाय, मोहरीच्या लोणच्यासकट. तुझा अर्धा झाकून ठेवलाय.

ता.क. ३ त्या बाईने जाण्याआधी एका दाराने एकट्याने कसं उतरायचं ते मला नीट करून दाखवलं. अगदी सोपं आहे. मनात आणलं असतं तर बोट एव्हाना धक्क्यावर पोचली असती आणि विकलीही गेली असती. मी तिला मागे घेऊन लॉकच्या वरच बांधून ठेवलीय. तुझ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते तू सांग, मला एका दारातून जायचं नाही. डावं दार तुझं आहे, मी त्याला पुन्हा हात लावणार नाही.