शेजारच्या खाटेचे तीन चेंडू

रुग्णालय, दुसरा मजला,
खाट क्रमांक अकरा (खिडकी बाराकडे आहे),
बुधवार

तीर्थरूप दादांना,

धाकट्याचा खाटेवरूनच नमस्कार. वाकून केला असता, पण पोटावर वीतभर शिवण आहे आणि तिचा खालचा कोपरा उघडा आहे, तेव्हा वाकण्याचा भाग तुम्ही मनानेच जमेस धरावा. तुमची प्रकृती उत्तम असेलच (ती नेहमीच असते, लहानपणी आपल्या दोघांना एकाच आठवड्यात गोवर आला, तुम्ही पाचव्या दिवशी अंगणात खेळत होतात आणि मी महिनाभर अंथरुणात होतो, हे मी विसरलेलो नाही). वहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, जिने चढू नका, आणि चढलात तर मला कळवू नका, कारण मला सध्या जिना नुसता आठवला तरी धाप लागते.

तुम्ही फोनवर विचारलंत की ऑपरेशन कसं झालं, आणि हिने "छान झालं" म्हणून विषय उरकला. म्हणून हे पत्र. ऑपरेशन छानच झालं. मोठ्या आतड्यातली गाठ, दोन्ही बाजूंचं थोडं आतडं धरून, मोठ्या सर्जनांनी काढली आणि उरलेली टोकं जोडली. पुस्तकात असतं तसं झालं, असं ते म्हणतात. त्यानंतर माझं जे झालं तेही पुस्तकातच आहे, फक्त ते गुंतागुंतीच्या प्रकरणात आहे, आणि त्या प्रकरणातलं जवळजवळ प्रत्येक पान माझ्या वाट्याला आलं. काढलेला तुकडा तपासायला गेलाय. आतड्यालगतच्या बारीक गाठींत रोग पोचला नसेल तर सुटलो. पोचला असेल तर सहा महिने केमो. रिपोर्ट परवा येईल. त्याचा विचार मी करत नाही. मी शिंप्याचा विचार करतो, ते सोपं पडतं.

शिंपी म्हणजे बारा नंबरचा. वय माझ्याएवढंच, दुखणं तेच, आतड्यातली जागासुद्धा तीच, सर्जन तेच आणि ऑपरेशनचा दिवसही तोच. तो सकाळी आठला आत गेला, मी अकराला. (आठ वाजता माणसाचा हात ताजा असतो, अकराला त्याला चहाची आठवण येते. हे मी मोठ्या सर्जनांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, उलट दुसऱ्या ऑपरेशनला हात चांगला बसलेला असतो. मग हे काय, असं मी माझ्या पोटाकडे बोट करून विचारणार होतो, पण ते तोवर बाराकडे वळले होते.) ते नेहमीच बाराकडे वळतात. कारण शिंप्याने दुसऱ्याच दिवशी हातआरसा मागवून स्वतःच्या पोटावरची शिवण पाहिली आणि "टाक्याटाक्यातलं अंतर सारखं आहे, साहेब, मशीनला जमणार नाही" असं भर राउंडला सांगितलं. माझ्याशी दोन शब्द बोलणारा तो मोठा माणूस त्याच्या खाटेपाशी पाच मिनिटं दोऱ्याच्या जातींवर बोलत उभा राहतो. नर्सबाई आपल्या एप्रनची निघालेली बटणं त्याच्याकडून लावून घेतात आणि बदल्यात त्याची उशी दोनदा झटकतात. माझी उशी ऑपरेशनच्या आधीपासून तशीच आहे. आणि घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ते खोटं नाही, कारण परवा हिने, माझ्या धर्मपत्नीने, आपल्या ब्लाउजचा खांदा का उतरतो ते त्याला विचारलं. तो म्हणाला, ताई, तुमचा डावा खांदा बोटभर खाली आहे. त्यावर ही खूश! चाळीस वर्षांत तुमच्या हे लक्षात आलं नाही, असं मला ऐकवण्यात आलं.

इथे सर्वांना एक प्लास्टिकचं यंत्र देतात. तीन नळकांडी, तिन्हींत एकेक हलका चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. त्याने फुप्फुसं उघडतात आणि भुलीनंतर छातीत कफ साचत नाही. शिंप्याने दुसऱ्या दिवशी तिन्ही चेंडू वर नेले आणि माझ्याकडे बघत तिथेच धरून ठेवले. माझा एक गेला. दुसऱ्याने जागा सोडल्यासारखं केलं आणि तो परत बसला. तुम्हाला ठाऊक आहे, मी तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. हलक्या काट्याचा वास मला दुकानाबाहेरून येत असे. माझी खात्री झाली की याचं यंत्र सैल आहे. तो व्हरांड्यात फेऱ्या मारायला गेला (तोही दुसऱ्याच दिवशी!), तेव्हा मी दोन्ही यंत्रं बदलून ठेवली. तोंडाच्या नळ्या ज्याच्या त्याला ठेवल्या, मी अडाणी नाही. तो परत आला, त्याने माझं यंत्र ओढलं आणि तिन्ही चेंडू वर. मी त्याचं ओढलं, एक गेला. काटा बरोबर होता, दादा, माल कमी होता. त्या रात्री मला ताप भरला आणि फुप्फुसाचा तळ मिटलाय असं निदान झालं.

आता जे लिहितो ते वहिनींना वाचून दाखवू नका. आतड्याचं ऑपरेशन झालं की आतडी काही दिवस संपावर जातात. ती कामावर आल्याची खूण एकच, वारा सरणे. त्यामुळे इथे रोज सकाळी धाकट्या डॉक्टरीणबाई (आपल्या मुलीच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात फाइलींचा गठ्ठा) प्रत्येक खाटेपाशी येऊन मोठ्याने विचारतात, "गॅस पास झाला का?" आयुष्यभर जे चारचौघांत लपवलं, त्याची इथे हजेरी घेतात. तिसऱ्या दिवशी शिंप्याने हात वर केला. अख्ख्या वॉर्डात आनंदीआनंद. त्याला आधी पाणी मिळालं, मग सूप. मी सलाईनवर होतो आणि दोन हातांवर तो माणूस चमच्याचा आवाज करत सूप पीत होता. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं आणि मी म्हणालो, हो. पहाटेच झाला. दोनदा.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मला पाणी दिलं, मी ते पचल्यासारखा चेहरा केला. सूप दिलं, शिंप्यापेक्षा अर्धी वाटी जास्त मागून घेतली. संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं आणि सगळं आलं त्याच वाटेने परत गेलं (त्यातलं थोडं बाराच्या चपलांवर, हे मात्र ठरवून नव्हतं). नाकातून पोटात नळी परत घातली. आतला जोड सुटला की काय या शंकेने रक्ततपासण्या झाल्या, मला गाडीवरून स्कॅनला नेलं. ही व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा डावा खांदा खरंच खाली होता. जोड शाबूत निघाला. पण दुसऱ्या दिवशी मोठ्या सर्जनांनी सगळ्यांदेखत डॉक्टरीणबाईंना फैलावर घेतलं. पोट न तपासता पेशंटला खायला कुणी दिलं? त्या मान खाली घालून उभ्या होत्या. दहा ग्रॅमच्या पासंगासाठी दुकानांना टाळं ठोकणारा मी, समोर पडून होतो आणि गप्प होतो. नाकात नळी होती ही सबब सांगता येईल, पण नळी असतानाही बोलता येतं. माझी मला लाज वाटली, दादा. इतकी कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी त्या जखम बघायला एकट्या आल्या तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला कापूस ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "काका, मीही हात लावून बघायला हवं होतं. निम्मं तुमचं, निम्मं माझं." मला हा हिशेब पटला नाही, म्हणून सकाळच्या राउंडला मी मोठ्या सर्जनांना उभ्या वॉर्डासमोर ऐकवलं की खोटं माप माझं होतं. ते फाइलवर काहीतरी लिहून पुढे गेले. त्या दिवसापासून माझ्या साक्षीला इथे किंमत नाही. प्रश्न मला विचारतात आणि उत्तर हिच्याकडून घेतात. खरा वारा आठव्या दिवशी सरला, तोही शिंप्याचे व्याही भेटायला आले असताना, आणि असा की साक्षीदार शोधावा लागला नाही. व्याह्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. शिंप्याने मात्र टाळ्या वाजवल्या. "साहेब, जिंकलात!" म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. माझ्याविषयी इतका निर्मळ आनंद झालेला माणूस मला सहन होत नाही.

जखमेचा खालचा कोपरा पिकला, दोन टाके उघडावे लागले, रोज आत कापडाची पट्टी भरतात. जखम भरून यायला तीन-चार आठवडे लागतील. शिंप्याची शिवण सुकून रेघ झालीय. त्याचं घर लांब म्हणून टाके निघेपर्यंत त्याला ठेवून घेतलंय, नाहीतर तो केव्हाच गेला असता आणि मी बरा झालो असतो.

तर मुद्द्याचं. इथल्या कचेरीतले हेडक्लार्क तुमच्या वर्गात होते असं तुम्ही दर भेटीत सांगता. रविवारी याल तेव्हा त्यांना एक शब्द टाका आणि माझी खाट तिसऱ्या मजल्यावर हलवून घ्या. खिडकी नको, पंखा नको. शेजारी माझ्याहून जास्त आजारी असला म्हणजे झालं, एवढंच माझं मागणं आहे. पोटात दुखतं म्हणून इथे आलो, पण निम्मं दुखणं बाराकडे बघून आहे हे मलाही कळतं, आणि त्याला यांच्याकडे औषध नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुम्हाला, तुमच्या अखंड तब्येतीसकट, पुन्हा एकदा नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आज शुक्रवार. रिपोर्ट आला. मला आधी बोलावलं. अठरा गाठी तपासल्या, अठराही स्वच्छ. केमो नाही. ही व्हरांड्यात रडली, मी जखमेवर हात धरून रडलो, कारण रडतानाही टाके ओढतात. म्हणजे इतक्या भानगडी होऊन मुख्य परीक्षेत मी पास, आणि तेही शिंप्याच्या आधी. मनात आलं, आता वॉर्डात जाऊन त्याला ऐकवतो. कबूल करतो, चालत जाताना वाक्यंसुद्धा जुळवत होतो.

ता. क. दुसरा. खाट बदलायचं राहू द्या. हेडक्लार्कांना काही बोलू नका.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र इथेच आहे. शिंपी माझ्यानंतर आत गेला आणि कागदाची घडी करून परत आला. खिडकीकडे तोंड करून बसला. यंत्र उशाशी होतं, त्याला हात लावला नाही. अर्ध्या तासाने म्हणाला, "साहेब, माझ्या चार गाठी खराब निघाल्या. तुमच्या?" मी पाच म्हणालो.

कसं तोंडून गेलं ते विचारू नका. चाराला चार म्हणूनही भागलं असतं, पण त्याच्यापेक्षा एक जास्त सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. तुमची केमो कधीपासून, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, जखम उघडी आहे, ती भरेपर्यंत मला थांबायला सांगितलंय, तोवर दर पंधरा दिवसांनी तुमच्याबरोबर येऊन बघून घेतो कसं असतं ते. (पिकलेल्या जखमेचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.) डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, खोट्यात मी नाही, पण एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगायची आमच्यात पद्धतही नाही. ही म्हणाली, निदान यावेळी सूप तरी मागू नका. कधीतरी त्याला कळेलच, तेव्हा मी बोलणी खाईन. पण पहिल्या दोन-तीन खेपा तरी तो एकटा जाऊ नये.

म्हणून विनंती एवढीच. रविवारी याल तेव्हा मिठाई आणू नका. दारातूनच "वा रे पठ्ठ्या" म्हणून ओरडू नका. चेहरा पाडून या, वहिनींना दोन-तीन उसासे टाकायला सांगा, आणि त्याने विचारलं तर पाच सांगा. आणि त्याच्यासाठी चपलांचा नवा जोड आणा, आठ नंबर.

माझं ऐकून त्याने कागदाची घडी उशीखाली सरकवली. मग म्हणाला, "म्हणजे सोबत आहे तर." आणि यंत्र उचलून नळी तोंडात धरली. तिन्ही चेंडू वर गेले, दादा. माझे अजून दोनच जातात.