मागच्या दारचा मांडव

आबा, मागच्या भिंतीला लागून पत्र्याचा मांडव घालायचा ठरवला होता. तो आता होणार नाही. घरात हे कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, त्यामुळंच बहुतेक लिहिता येतंय. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. तुमच्या खांद्यावरून रंकाळ्याला जायचा. आता तो तरणाबांड आहे आणि कमरेखाली त्याला काही कळत नाही. कागलच्या पुढं हायवेवर त्याची मोटारसायकल ट्रकला धडकली, त्याला दोन पावसाळे होऊन गेले. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, पाय परत यायचे नाहीत. मी ते ऐकलं, मान हलवली, आणि तरी वर्षभर रोज सकाळी पांघरूण सारून त्याच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

मागची खोली त्याची. तिथून तो बाहेर येत नाही. पुढच्या दारी चाकांच्या खुर्चीत बसवलं, की गल्लीतलं येणारं-जाणारं माणूस थांबतं, 'काय पावणं, कसं हाय आता?' म्हणून विचारतं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच चुकचुकतं. एकदा झालं, दोनदा झालं, मग त्यानं खुर्चीत बसायचंच सोडलं. मागचं अंगण आमचं एकट्याचं, पण तिथं उन्हाळ्यात फरशी तापून लाल होते आणि जूनपासून पुढं नुसती धार. म्हणून म्हटलं, दारापासूनच छत घेऊ, उंबरा काढून टाकू, खुर्ची सरळ बाहेर जाईल.

हे माझ्या डोक्यात आलं ते तुमच्यामुळं. आईला चुलीच्या धुरानं खोकला लागला होता, रात्रंदिवस. तुम्ही एका रविवारी फौंड्रीतल्या दोन सोबत्यांना घेऊन आलात. भंगारात निघालेले पाइप, जुने पत्रे. मी एक पाइप धरून उभी आहे, तुम्ही वर चढून ओरडताय, 'हलवू नको गं, हलवू नको!' दिवस मावळायच्या आत स्वयंपाकघराला लागून मांडव उभा राहिला, चूल बाहेर आली आणि दिवाळीपर्यंत आईचा खोकला गेला. पुढं मी दहावीला नापास झाले, तेव्हा आत फडताळाआड जाऊन बसले होते. जेवायलासुद्धा उठत नव्हते. तुम्ही दारात येऊन केवढ्यानं खेकसलात! 'रडायचं हाय तर भाईर मांडवात बसून रड की. आत कोंडून घिऊन काय मिळणार हाय?' मी चिडून बाहेर आले, पोत्यावर बसून रडले, आई शेजारी भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची गरम भाकरी तेवढी माझ्या हातात दिली आणि मी ती खाल्ली. मला वाटायचं, मांडवाला हे जमतं.

फेब्रुवारीत मी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. किती दिवसांनी मला कशात तरी रस वाटत होता. वहीच्या कागदावर मी नकाशा काढला: खांब कुठं, पाण्याचा उतार कुठं, खुर्ची वळायला जागा किती, आणि तिच्याशेजारी माझ्यासाठी एक कट्टा. ह्यांना दाखवला. ह्यांनी बघितला, 'कर' म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. अपघातापासून ते एवढंच बोलतात.

तो माणूस भिंतीवर खडूनं खुणा करत होता, तेव्हा आतून मुलानं विचारलं, "आई, खिडकीवर काय येणार?"

"छत. दारापासून पार कोपऱ्यापर्यंत."

"मग मला काय दिसणार?"

"तू बाहेरच बसशील की रे."

"मी बाहेर येणार नाही. येणार म्हणून तुला कुणी सांगितलं?"

बाहेरच्या माणसाला सगळं ऐकू गेलं. तो हळू आवाजात म्हणाला, "वैनी, काचंवानी पारदर्शक शीट येतंय की. पर उन्हाळ्यात खाली भाजून निघंल, आन् शेवाळ धरलं की हिरवंगार पडतंय."

"खिडकीपुरतं मोकळं सोडलं तर?"

त्यानं टेप लावून बघितला. "मग खुर्ची फिरायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी हे त्याला अंघोळ घालत होते, तेव्हा मी त्याच्या कॉटवर आडवी झाले. रोज त्या गादीची चादर मी बदलते, पण उशीला डोकं टेकून कधी पाहिलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या शेवग्याचा शेंडा दिसतो, पाण्याच्या टाकीचा कोपरा, आणि बाकी सगळं आभाळ. एक घार फिरत होती. ती खिडकीच्या एका कडेनं जायची आणि दुसऱ्या कडेनं परत यायची. त्याच्याकडं तेवढंच उरलंय, आणि त्यावर मी पत्रा घालायला निघाले होते.

तरी मी एकदा प्रयत्न केला. त्याच्या पायांना तेल लावताना तुमच्या मांडवाची, आईच्या चुलीची गोष्ट सांगितली. त्यानं शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, "आजीला खोकला होता, आई. ती बरी होणार होती."

मी पायाला तेल लावत राहिले. त्याला ते कळतसुद्धा नव्हतं.

काम नको म्हणून सांगितलं, तेव्हा फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "असू द्या वैनी, पावसाळ्यानंतर बघू की." मीही बघू म्हणाले. आता पावसाळा आलाय. दुपारची वेळ आहे, हे कामावर गेलेत, मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लिहितेय. तुम्हाला लिहून काही मार्ग निघेल असं वाटलं नव्हतं. तुमच्यासारखं कुणी खेकसायला आता नाही, आणि असतं तरी तो उठला नसता.

आबा, आत्ता त्यानं हाक मारली. मला ऐकू आली. मी ऐकलं नाही असं दाखवून हे वाक्य लिहिते आहे, आणि तो दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत मी उठणार नाही.