कचारगडचे सहा फोटो

प्रिय मावशी,

पेनानं लिहून राहिलो आहे, हसू नको. समोर तुझाच लॅपटॉप उघडा आहे, त्याला तुझी निळी हार्ड डिस्क लावली आहे आणि कॉपी सुरू आहे. अजून चाळीस मिनिटं दाखवते. आणि तुझा कायदा असा, की कॉपी चालू असताना कॉम्प्युटरला कोणी बोट लावायचं नाही. गाणी नाही, गेम नाही, हात मांडीवर. तू जाऊन बावीस दिवस झाले, तरी कायदा चालूच आहे बघ! म्हणून वही घेतली. तसंही जे सांगायचं आहे ते तुझ्यासमोर माझ्या तोंडातून निघालं नसतं. निघालं नाहीच ना, तीन महिने.

तुला कॉम्प्युटर मी शिकवला, हे मी सगळ्यांना सांगत फिरायचो. दवनीवाड्यात अर्धी माणसं तुला अजून ‘बाई’ म्हणतात, त्यांना तू शाळेत शिकवलं. आणि बाईला शिकवणारा मी! पहिल्या आठवड्यात तू फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर असे सतरा केलेस आणि फोटो कुठं ठेवला तोच सापडेना. मी पोट धरून हसलो होतो. सहाच महिन्यांनी माझा लॅपटॉप पाहून तू म्हणालीस, “फोटो असे डेस्कटॉपवर पडले? धान अंगणात उघडं ठेवून झोपतो का रे कोणी?” त्या दिवसापासून गुरू कोण अन् चेला कोण, ते ठरून गेलं.

मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हाचं आठवते? प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडलो, जर्नल टेबलावर आपटलं आणि घरी आलो तो परत गेलोच नाही. बाबा चार दिवस बोलले नाहीत. आई रडली. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, “जर्नल तिथंच टाकून आला? लिहिलेलं तरी घेऊन यायचं ना!”

मला तेव्हा राग आला होता. मला कशाचा येत नाही?

मग तूच म्हणालीस, घरी बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा माझ्यासोबत चल. शाळेला सुट्ट्या लागल्या की तू आणि तुझी मैत्रीण शालूताई कुठंतरी निघायच्या. तू रिटायर झालेली, पण त्यांची नोकरीची दोन वर्षं अजून बाकी, म्हणून सुट्टीच पाहावी लागे. तुझी कॅमेऱ्याची बॅग माझ्या खांद्यावर आली. खरं सांगू? त्या दोन वर्षांत मी जेवढं शिकलो तेवढं कॉलेजात शिकलो नसतो. हे लाडानं बोलत नाही.

चोरखमाऱ्याच्या मुक्कामातली ती संध्याकाळ डोळ्यांपुढून जात नाही. नागझिऱ्यातून आलो होतो, अंगावर बोटभर धूळ, घरमालकीण चहा घेऊन उभी. आणि तू पलंगावर मांडी घालून बसलीस, समोर मावसाजींची सुपारीची डबी. तिच्या कप्प्यांत आता मेमरी कार्डं राहायची. भरलेलं कार्ड पालथं, रिकामं उताणं. आधी लॅपटॉपवर कॉपी, मग काळ्या डिस्कवर, मग निळ्या डिस्कवर. मग दोन्हीकडचे आकडे जुळवायचे. मग पहिला, मधला आणि शेवटचा फोटो प्रत्यक्ष उघडून पाहायचा, नुसत्या नावावर भरोसा नाही. घरी पोचेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. एवढं झालं की मग चहा. तोवर चहावर साय धरलेली!

मी म्हणालो, “मावशी, आजकाल लोक क्लाउडवर टाकतात. आपोआप चढते.”

तू फोन वर धरलास. नेटवर्कचा एकही दांडा नव्हता. “चढव,” म्हणालीस, “का सारसाच्या पाठीवर बसवून पाठवतो आता?”

घरमालकीणसुद्धा हसली. मी चिडून अंगणात गेलो. गोंदियात वायफाय मिळालं की तू ते क्लाउडवरही टाकायचीस, हे मला नंतर कळलं. तू कोणत्याच गोष्टीला नाही म्हणायची नाहीस. फक्त एकाच गोष्टीवर विसंबायची नाहीस.

ही शिस्त कुठून आली, ते तू एकदाच सांगितलंस. मावसाजींसोबतची शेवटची सहल, अमरकंटकची. येताना स्टेशनवर बॅग गेली. कॅमेरा बॅगेत, कार्डं बॅगेत, आणि “जपून” काढलेली कॉपीही त्याच बॅगेत! दोन महिन्यांनी मावसाजी गेले. तू रडली नाहीस सांगताना. म्हणालीस, “एका पिशवीत दोन कॉप्या म्हणजे एकच कॉपी, पंकज.” म्हणून निळी डिस्क नेहमी दुसऱ्याच्या सामानात, दुसऱ्या गाडीत. एखाद्यानं दुःखाचं लोणचं घातलं असतं आणि जन्मभर चाटलं असतं. तू त्यातून काम करायची रीत काढलीस. मला हे जमेल का गं कधी?

आता दिवाळीच्या सुट्टीतलं सांगतो. तुला ठाऊकच आहे, पण मी सांगितलेलं नाही.

कचारगडची गुहा पाहायला आपण दोन गाड्यांनी गेलो. आपल्या गाडीत तू आणि मी. शालूताईंच्या गाडीत त्या आणि रोशनी. शालूताईंची ही पोरगी गोंदियाला नर्सिंग करते आणि तिच्यापायी माझी झोप उडाली आहे, हे तुला मी सांगायच्या आधी कळलं होतं. चार दिवसांत मी पक्ष्यांचे अकरा आणि तिचे दीडशे फोटो काढले, तर कोणाला कळणार नाही?

वर गुहेच्या तोंडाशी तिनं तुझ्या हातातून कॅमेरा ओढला. “मावशी, दरवेळी तुम्हीच काढता. आज तुम्ही उभ्या राहा.” तू किती लाजलीस! पदर सारखा केलास, “अगं थांब, चष्मा पुसू दे” म्हणत राहिलीस आणि ती काढत राहिली. सहा फोटो. मी बाजूला बॅग धरून उभा होतो.

उतरताना मी तिला गाठलं आणि जे बोलायचं ते बोललो. ती दोन पायऱ्या खाली थांबली, वळली आणि म्हणाली, “पंकज, कॉलेज सोडलं ते सोडलं, पण त्याची फुशारकी मारत फिरून राहिला तू. आधी स्वतःचं काही कर ना! मी कायले हो म्हणू?”

बस, माझं डोकं गेलं. खाली जेवायला थांबलो तेव्हा मी जेवलो नाही, गाडीत जाऊन बसलो. आणि नेमकं त्याच संध्याकाळी, सालेकस्याच्या मुक्कामात, तू पहिल्यांदा डबी माझ्याकडे सरकवली. “आज तू कर. तुला येते सगळं.” शालूताईंना घेऊन तू बाजारात गेलीस.

मी कार्ड लावलं. पहिलाच फोटो तिचा. दुसरा तिचा. हसणारी, केस मागं करणारी, माझ्याकडे न पाहणारी. आणि मी कॉपी केलीच नाही. सरळ फॉरमॅट मारला. मावशी, तुझे फोटो त्यात आहेत हे मला बटण दाबल्यावर आठवलं. दाबण्याआधी नाही. एवढं तरी खरं मान.

तू आल्यावर मी सांगितलं, कार्ड खराब निघालं. तू कार्ड हातात घेतलंस. ते मी डबीत पालथं ठेवलं होतं. तू “बरं” म्हणालीस आणि ते रिकाम्या कार्डासारखं उताणं करून ठेवलंस. मला वाटलं, विसरली. तू विसरणारी होतीस का! खराब झालेलं कार्ड कोणतं आणि पुसलेलं कोणतं, ते तुला एका नजरेत कळत होतं. नंतर एकदा चोरून ते कार्ड मी परत आणायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहिलं. तोवर तू त्यावर नवे फोटो काढले होतेस. काहीच उरलं नव्हतं.

आणि मग तू अशी एकाएकी गेलीस. सकाळी छातीत दुखते म्हणालीस, दुपारी नाही.

तेरवीला फोटो लागतो ना, मावशी. आई, बाबा, मी, सगळे तुझ्या लॅपटॉपसमोर बसलो. किती हजार फोटो! नीलगायी, रानगवे, नवरगावचं जंगल, शालूताई सतरा साड्यांमध्ये, मी प्रत्येक झाडाखाली. तू कुठंच नाही. एक लग्नाचा, त्यात तू वीस वर्षांची. एक शाळेचा, त्यात तुझे डोळे मिटलेले. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात तू कोणावर तरी रागावल्यासारखी दिसतेस आणि अर्धा चेहरा ठिपक्याठिपक्यांचा. आईनं त्याला हार घातला आणि म्हणाली, “माझी बहीण अशी नव्हती दिसत.” मी मागंच उभा होतो. तिला मी काय सांगू?

तेरवीला रोशनी आली. हात जोडले, फोटो पाहिला आणि आईला म्हणाली, “काकू, हा काऊन लावला? कचारगडचे चांगले फोटो आहेत ना मावशींचे. निळी डिस्क माझ्याकडेच आहे.”

“पण ते कार्ड तर खराब झालं होतं?” आई म्हणाली.

“संध्याकाळी झालं असेल. मावशींनी दुपारीच, जेवण वाढेपर्यंत, कॉपी करून माझ्या बॅगेत टाकली होती.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. “मला काय माहीत!” असं मी ओरडलो, तुझ्या तेरवीत, आणि चप्पल न घालता बाहेर निघून गेलो. रोशनीनं आईला सांगितलं, डिस्क देते, पण मावशींनी ती पंकजच्याच हाती द्यायला सांगितली आहे. मग आई रोज एकच म्हणे, “जाऊन आण ना रे.” नऊ दिवस मी रोज एक नवं कारण काढलं.

आज सकाळी गेलो. रोशनीनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही.

“आलास? मले वाटलं उन्हाळा लागते.”

“डिस्क दे.”

“आधी सांग. कार्ड खरंच खराब झालं होतं?”

तिच्यासमोर खोटं बोलायचं सगळं घरून घोटून आणलं होतं, मावशी. व्हायरस म्हणणार होतो. तोंडातून निघालं, “नाही. मी पुसलं. तुझ्या रागानं.”

ती चौकटीला टेकली. मग म्हणाली, “मावशींचा फोन आला होता थंडीत. मी म्हटलं, डिस्क आणून देऊ का? तर म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडे, पंकज येईल मागायला. त्याला जरा वेळ लागते.”

मी रस्त्यातच उभा राहून रडलो. मागून रिक्षावाला ओरडला, “अरे भाई, साइड में रो ना!” रोशनीला हसू आलं, मलाही आलं. तिनं डिस्क दिली. हो म्हणाली नाही, तुला उगीच आशा नको. “घरी सांगितलं का?” एवढं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. “मग सांग,” म्हणाली आणि दार लावलं.

येताना बसमध्ये सगळा हिशेब लागला आणि तुझा रागही आला. तीन महिने तू एकाच जागी एकच कॉपी ठेवलीस! तू! लॅपटॉपवर नाही, काळ्या डिस्कवर नाही, क्लाउडवर नाही. ज्या बाईनं एका बॅगेपायी नवऱ्याचे फोटो गमावले, तिनं स्वतःचा कायदा मोडला, कशासाठी? मी येऊन “चुकलो” म्हणावं म्हणून? एक कानाखाली का नाही मारलीस? रोज संध्याकाळी मी तुझ्याकडे चहाला येत होतो. तू नुसती कप पुढं करत होतीस आणि जरा थांबत होतीस. ते थांबणं मला आज कळून राहिलं आहे. बाई, माझ्यावर एवढा भरोसा कायले ठेवला? मी आलो, पण तू गेल्यावर आलो.

कॉपी झाली. आकडे जुळले. पहिला उघडला, मधला उघडला, शेवटचा उघडला. शेवटच्यात तुझा चष्मा हातात आहे, एक बट सुटली आहे आणि तोंड उघडं आहे, बहुतेक रोशनीला रागावत होतीस. डोळ्यांत सगळं ऊन. किती सुंदर दिसतेस गं! तुला कोणी सांगितलं होतं का हे?

आई वावरातून आली. हातपाय धुवायचा आवाज येऊन राहिला आहे. मावशी, एक वचन देतो. लॅपटॉप आता मी बंद करतो. आधी तिला सांगेन, की तुझ्या बहिणीचे फोटो मी पुसले होते, रागात, आणि वर जाणूनबुजून खोटं बोललो. ती जे बोलेल ते ऐकून घेईन, उठून जाणार नाही. आणि ते सगळं झाल्यावरच लॅपटॉप उघडेन. कारण आधी फोटो दाखवला, तर तुला पाहून ती मला लगेच माफ करेल. तशी माफी मला नको.

ती हाक मारून राहिली आहे. जातो.

तुझाच,
पंकज